बाजारात दंगल उसळली, आदेशावरून

तोरणखेड्याच्या लोकांचा तलाठ्यावर विश्वास नव्हता, देवावर होता, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर देवापेक्षा थोडा जास्तच होता. देव पाऊस पाडेलच असं नाही, पण फळ्यावर ‘नळाला पाणी सायंकाळी पाच वाजता’ असं लिहिलं की पाचच्या ठोक्याला नळ सुंसुं करायला लागत. कोण वारलं, दहावं कधी, लाइट किती वाजता जाणार, कापूस खरेदी कधी सुरू होणार, सगळं फळ्यावर. फळा पंचायतीच्या भिंतीतच सिमेंटनं घडवलेला, बाजारपेठेच्या मधोमध, आणि त्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमचं रंगवून ठेवलेलं: ‘आदेशावरून, ग्रामपंचायत तोरणखेडे.’ वर खडूनं काहीही लिहा, खाली आदेश तयारच असे. एकदा कोणा टवाळानं वर ‘पवन लबाड आहे’ एवढंच लिहून ठेवलं, तर मुलीच्या मामानं खालचा आदेशही वाचला आणि पवनचं ठरत आलेलं लग्न मोडता मोडता वाचलं.

ह्या फळ्याचा उजवीकडचा खालचा कोपरा जगदीश सरांना हवा होता. सर गावातल्या माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि त्यांच्या मनाला एकच दुःख होतं. पोरांना शब्दांचे अर्थ तोंडपाठ, पण एक शब्द वाक्यात घाल म्हटलं की वर्ग छताकडे बघायचा. सरांचं म्हणणं असं, की अर्थ कळणं म्हणजे पाहुण्याचा नुसता फोटो बघणं. उपयोग करणं म्हणजे पाहुणा घरी येऊन, चहा पिऊन जाणं. हे वाक्य ते दर निरोप समारंभात म्हणत. गावाला रोज एक इंग्रजी शब्द, अर्थासह आणि उपयोगासह द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

कोपरा मिळायला चार महिने लागले. ग्रामसेवक म्हणाले, भिंत पंचायतीची आहे, म्हणजे ठराव पाहिजे. ठरावाला ग्रामसभा पाहिजे. ग्रामसभेत कोणीतरी विचारलं की सर शाळेचा पगार घेऊन गावाला शिकवणार, मग हे शाळेचं काम की पंचायतीचं, तर त्यासाठी शाळेचं ना-हरकत आलं. खडू कोणाचा ह्यावर अर्धा तास गेला. शेवटी खडू सरांचा, कोपरा पंचायतीचा आणि इंग्रजी दोघांचं, असा तोडगा सरपंच जागृतीताईंनी काढला. अख्खा फळा मागितला असता तर मंजुरी यायच्या आत सर निवृत्त झाले असते.

पंधरा ऑगस्टपासून शब्द सुरू झाले. ओळी चार: वर ‘आजचा शब्द’, मग शब्द आणि अर्थ, मग इंग्रजी वाक्य, आणि सगळ्यात खाली त्याच वाक्याचं मराठी. ‘ए’पासून क्रमानं. आणि सरांचा एक सिद्धान्त: वाक्यात लंडन नको, आपलं गाव पाहिजे, म्हणजे शब्द अंगाला चिकटतो. ‘बार्गेन’ आला तेव्हा सरांनी लिहिलं, ‘प्रेमचंद शेठ भाव कमी करत नाहीत.’ प्रेमचंद शेठचं किराणा आणि कापडाचं दुकान फळ्याच्या अगदी समोर. त्यांचे आजोबा मारवाडातून इकडे आले. त्या दिवशी गावातल्या यच्चयावत बायका हे खरं की खोटं ते बघायला आल्या आणि शेठना संध्याकाळपर्यंत घसा बसेस्तोवर घासाघीस करावी लागली. ‘जनरस’ला ‘आमच्या सरपंच उदार आहेत’ असं वाक्य पडलं, आणि जागृतीताईंच्या ओट्यावर दोन दिवसांत मदतीचे इतके अर्ज आले की त्या माहेरी निघून गेल्या.

ह्यात एक इशारा होता. सरांना तो लोकप्रियतेसारखा दिसला. त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंना मात्र तो इशाऱ्यासारखाच दिसला. त्या एकदा पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “तुमना शब्द कोनी वाचत नही. खालनं वाक्य वाचतस. नि खाले आदेश शे.” सरांनी त्यांना समजावलं की भाषा हळूहळू झिरपते. घरातही सर प्रमाण मराठीच बोलत, आजूबाजूला सगळी अहिराणी असूनही. तोही सिद्धान्तच होता.

तर मार्च महिना लागला आणि गाडी ‘आर’वर आली. शनिवारी ‘रिन्स’ झाला. पुढं शब्दकोशात होता ‘रायट’. अर्थ: दंगल, जमावानं केलेला सार्वजनिक शांततेचा भंग. सर क्षणभर थबकले. शब्द काही चांगला नव्हता. पण क्रमातला शब्द गाळणं म्हणजे हजेरीपटावरचं नाव गाळणं, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी तसं केलेलं नव्हतं. वाक्यासाठी आधी त्यांनी एका लांबच्या शहराचं नाव घेतलं. लगेच सिद्धान्त आडवा आला. सोमवार होता, बाजाराचा दिवस, त्यातही साधा बाजार नव्हे, होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार. सातपुड्यातल्या पाड्यांवरची माणसं ढोल घेऊन, नवे कपडे घालून त्या दिवशी खाली उतरतात. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हारकडे घेतात, नाचतात, भेटतात. बाजार डोळ्यासमोर होता म्हणून सरांनी सकाळी सात वाजता सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘बाजारात दंगल उसळली.’ ‘उसळली’ हे क्रियापद त्यांना विशेष आवडलं. खडूचे हात झटकून ते शाळेत गेले.

साडेआठला पंचायतीचा शिपाई रेवजी फळ्याशी आला. पंपाची मोटर जळाली होती आणि पाणी गल्लीवार सोडायचं होतं, त्यामुळे सूचना लांब होती. जागा पुरेना. रेवजीनं सरांच्या कोपऱ्याकडे बघितलं. ‘आजचा शब्द’ ही ओळ त्याला फालतू वाटली, ती पुसली. इंग्रजी कोणी वाचत नाही, ते पुसलं. शब्द आणि अर्थही गेले. राहिलं शेवटचं मराठी वाक्य. मराठी मजकूर सरकारी असतो, तो वरून सांगितल्याशिवाय पुसायचा नसतो, हे रेवजीला बावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. त्यानं ते वाक्य आदरानं तसंच ठेवलं. मग फळा असा दिसू लागला: ‘वरच्या गल्लीस पाणी चार वाजता, खालच्या गल्लीस पाच वाजता. बाजारात दंगल उसळली. आदेशावरून, ग्रामपंचायत तोरणखेडे.’

प्रेमचंद शेठ रोज उदबत्ती लावायच्या आधी फळा वाचत. त्यांनी वाचलं. दोन्ही बाजूंना मान वळवून बघितलं. डावीकडे भाजीवाल्या पाल ठोकत होत्या, उजवीकडे एक बकरी केळीची सालं खात होती. दंगल कुठं दिसेना. पण त्यांच्या वडिलांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती, आधी शटर, मग चौकशी. शिवाय ‘उसळली’ होतं; उसळणार आहे असं नव्हतं. म्हणजे झालीच होती, फक्त इथवर पोचायची होती. शेठनी रोजची उन्हाची वेळ व्हायच्या आधीच अर्धं शटर खाली घेतलं. अर्धं अशासाठी, की दंगल खोटी निघाली तर गिऱ्हाईक परत जायला नको. शेजारच्या भांडीवाल्यानं शेठचं अर्धं बघून आपलं पूर्ण ओढलं. त्याचं पूर्ण बघून शेठनी उरलेलं अर्धं ओढलं. दहा मिनिटांत गल्ली बंद झाली, पालं गुंडाळली गेली आणि मागं फक्त बकरी राहिली.

साडेनवाला शाळेत सरांना कोकिळाबाईंचा फोन आला. बाजारात दंगल झाली, शेताच्या वाटेनं घरी या. सरांनी विचारलं, कोण म्हणतं. त्या म्हणाल्या, “शेजारीन सांगी ऱ्हायनी, फळावर लिखेल शे.” इथं आपण जरा थांबलं पाहिजे. सरांना एवढंच विचारायचं होतं, की फळ्यावर कुठं लिहिलंय, कोणत्या कोपऱ्यात, कोणाच्या अक्षरात. पण फळ्यावर आहे म्हटल्यावर तोरणखेड्याचा माणूस पुढं विचारत नसतो, आणि सर कितीही सिद्धान्ताचे असले तरी तोरणखेड्याचे होते. ते मुख्याध्यापकांना म्हणाले, “मी सातलाच तिथं होतो, तेव्हा काहीच नव्हतं. नंतर झालेली दिसतेय.” शाळा सुटली. सरांनी शहाद्याला मेहुण्याला फोन करून आज इकडे येऊ नका म्हणून सांगितलं. मेहुण्यानं ते आणखी सहा जणांना सांगितलं. म्हसावदच्या रस्त्यानं भरून येणाऱ्या दोन गाड्या अर्ध्यातून वळल्या.

सर कापसाच्या पऱ्हाट्यांमधून, वाकून, छत्री पुढं धरून घरी निघाले. कुंपणाच्या बाभळीनं त्यांची पँट मागून फाडली आणि एका शेतकऱ्याच्या कुत्र्यानं त्यांना ओळख असूनही ओळख दिली नाही. घर गाठलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांचं घर डोंगराकडून येणाऱ्या रस्त्यावरचं पहिलं, निळ्या दाराचं. ओट्यावर कोकिळाबाईंनी पाण्याचा मोठा माठ भरून ठेवला होता, वर तांब्या पालथा. लग्न होऊन आल्यापासून दर भोंगऱ्याला त्या तो ठेवत. डोंगरातून चालत आलेली माणसं गावात शिरायच्या आधी तिथं पाणी पीत. सरांनी सगळ्यात आधी माठाला हात घातला. माठ बाहेर म्हणजे घर उघडं, असं त्यांना त्या घटकेला वाटलं. कोकिळाबाई म्हणाल्या की ते लोक तहानलेले येतील. सर म्हणाले, ही वेळ पाण्याची नाही. दोघांनी मिळून माठ आत घेतला. निम्मं पाणी सरांच्या पायांवर सांडलं.

मग आवाज आला. लांबून, डोंगराच्या बाजूनं, धडाडधूम. पुष्कळ माणसं, पुष्कळ पाय. “आली,” सर म्हणाले, आणि त्यांनी वरची कडी लावली, मग खालचीही लावली. खिडकीच्या फटीतून त्यांना लाल फेट्याचं एक टोक दिसलं. आवाज दाराशी येऊन जरा थांबला. मग गावात गेला. मग अचानक बंद झाला. मग पावलं परत आली, ह्या वेळी ढोलाशिवाय, आणि डोंगराकडे निघून गेली. सरांनी कपाळ पुसलं. त्यांना वाटलं, दंगल घरावरून गेली आणि आपण वाचलो.

दुपारी खबर ऐकून पोलीस जमादार धर्मेंद्र दोन शिपाई घेऊन गाडीतून उतरले. त्यांना दंगल सापडेना. खालच्या गल्लीत विचारलं तर लोक म्हणाले वरच्या गल्लीत. वरच्या गल्लीत म्हणाले खालच्या. काच फुटलेली नव्हती, डोकं फुटलेलं नव्हतं. एक पँट फाटली होती, पण ती अजून उजेडात आलेली नव्हती. शेवटी जमादारांनी तपास उलटा केला: तुम्हाला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं. धागा प्रेमचंद शेठपर्यंत आला आणि शेठनी बंद शटरच्या आतून, टपालाच्या फटीतून बोट काढून फळ्याकडे दाखवलं. अक्षर कोणाचं हे विचारायची गरज पडली नाही. तसा वळणदार ‘ळ’ गावात एकाच माणसाचा होता.

सरांनी लुंगी नेसून दार उघडलं. जमादार शांत आवाजात म्हणाले, “सर, दंगल तुमच्याकडून झालेली दिसते.” सरांना आधी वाटलं की हा विनोद आहे. मग सकाळचं वाक्य आठवलं, उसळली हे क्रियापद आठवलं, आणि ते ओट्यावरच, जिथं माठाची ओली गोल खूण होती, त्यावर बसले. पुढं जबाब झाला. जमादारांची अडचण वेगळीच होती. वरून विचारणा आली होती, म्हणजे कागद पाहिजे. आणि कागदावर एक रकाना होता, ‘दंग्यात सामील इसमांची नावे’. जमादारांनी पेन कानावर ठेवून समजावलं की कायद्यात दंग्याला कमीत कमी पाच माणसं लागतात, एकट्याला तो करता येत नाही. सर ओशाळून म्हणाले की हा अर्थ शब्दकोशात नव्हता. रकाना रिकामा ठेवून जमादार शुक्रवारी सहीला येतो म्हणून गेले.

संध्याकाळी पंचायतीत खुलासा लिहायला सगळे जमले. सरांनी मसुदा केला, ‘बाजारात दंगल उसळली नाही.’ प्रेमचंद शेठ म्हणाले, मग लोक विचारतील कुठं उसळली. ग्रामसेवकांनी सुचवलं, ‘सर्व शांत आहे.’ त्यावर भांडीवाला घाबरला. सगळं खरोखर शांत असताना तसं आजवर कोणी लिहिलेलं त्यानं वाचलं नव्हतं. रेवजीनं स्वतःच्या डोक्यानं ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ असं सुचवलं, पण अफवा पंचायतीच्याच आदेशानं निघालेली असल्यामुळे तेही बसेना. एक तास असा गेल्यावर जागृतीताईंनी टेबलावर हात ठेवला आणि खरी गोष्ट सांगितली. डोंगरातला ढोल आजवर दर वर्षी आधी तोरणखेड्यात वाजत आला. यंदा तो परत गेला. होळीच्या आत तो म्हसावदच्या बाजाराला गेला तर पुढच्या वर्षीही तिकडेच जाईल, आणि एकदा पायाला नवी वाट लागली की जुन्या वाटेवर गवत उगवतं. म्हणून शुक्रवारी जादा बाजार भरवायचा. खुलासा राहून गेला, आणि पुसायचा आदेश नाही म्हणून सरांचं वाक्यही फळ्यावर तसंच राहिलं.

हे कळवायला त्यांनी करमसिंगला फोन लावला. करमसिंग पावरा वरच्या पाड्यावरचा. त्याची जीप रोज तीन फेऱ्या गाव-डोंगर करायची. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी सांगसू, ताई. पन येतीन का नही, माले नही सांगता येवाव. ज्यानी लिखं त्यालेच वर धाडा.” सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर खडूकडे बघत होते.

मंगळवारी सर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून निघाले. वळणावळणानं घाट चढता चढता त्यांनी मनात भाषण रचलं. मुद्दे तीन. एक, मूळ मजकूर शैक्षणिक होता. दोन, तो रेवजीनं पुसला. तीन, ऑइलपेंटच्या ओळीवर गावानं अंधविश्वास ठेवला. ह्या तिन्हीत सरांचं स्वतःचं असं काही नव्हतं, आणि भाषण त्यामुळे चांगलं सुटसुटीत झालं होतं. करमसिंग मध्ये एकदाच बोलला. म्हणाला, सर, तिथं बाबासमोर लांबण लावू नका.

बाबा म्हणजे करमसिंगचे वडील, आमशाबाबा. पाड्याचा ढोल त्यांच्याकडे. मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून ते ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. आजूबाजूला बायका टोपल्यांत फुलं वेचत होत्या. सर खाली बसायच्या आत एका म्हातारीनं त्यांना तांब्या आणून दिला. डोंगराचं गार पाणी. सर गटागटा प्यायले आणि मग त्यांनी मुद्दा पहिला काढला. म्हणाले, गावात दंगल झाल्याची अफवा पसरली, तुम्हाला ती कळली आणि साहजिकच तुम्ही घाबरून परत गेलात.

करमसिंगनं ते पावरी बोलीत सांगितलं. आमशाबाबांनी दोरी आवळायची थांबवली आणि ते थोडकंच बोलले. करमसिंगनं ते सरांना सांगताना रस्त्याकडे बघत सांगितलं.

“बाबा म्हनस, दंगानं आम्हाले काय बी माहीत नव्हतं. आम्ही ढोल वाजाडत उनूत, नि आमना ढोल आयकीसन शटर पडेल दिखनात. पहिलं घर, निळा दारनं. तठे दर साल पानी ऱ्हास. औंदा माठ मझार गयेल व्हता. खिडकीमाईन कोनी तरी देखे नि कडी लावे. बाबा म्हनस, आमनं काय चुकनं, ते तरी सांगा.”

सरांच्या हातात तांब्या अजून होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. शब्दकोश, रेवजी, ऑइलपेंट, सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्यातलं एकही ह्या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. गावानं दंगल ऐकली होती. ह्या माणसांनी फक्त बंद दारं बघितली होती. सरांना फार लाज वाटली; सव्वीस वर्षांत पोरांसमोर कधी वाटली नव्हती इतकी. ते बोलायला लागले आणि त्यांचं त्यांनाच नंतर लक्षात आलं की प्रमाण मराठी कुठंतरी घाटातच राहिली.

“तुमनं काय चुकनं नही, बाबा. ते घर मन्हं शे. माठ मीच मझार नेयेल. मी घाबरी गऊ.”

आमशाबाबांनी विचारलं, कोणाला घाबरलास. सरांनी सांगितलं, एका वाक्याला. कोणी लिहिलं होतं. सर म्हणाले, मीच. करमसिंगनं ते पावरीत सांगितलं तेव्हा फुलं वेचणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग एक हसली, मग दुसरी, मग सगळ्या झाडाखाली हसू पसरलं. स्वतःच लिहिलं आणि स्वतःच कडी लावली, हे एकमेकींना सांगून सांगून त्या हसत होत्या. आमशाबाबा हसले नाहीत. त्यांनी ढोलावर एक थाप मारून आवाज बघितला आणि अट सांगितली: ढोल येईल, पण दार लावणारा माणूस ढोलाच्या पुढं चालेल. आणि माठ ओट्यावर पाहिजे.

शुक्रवारी सकाळी कोकिळाबाईंनी माठ दोनदा घासला. सर पांढरा शर्ट आणि मागून रफू केलेली पँट घालून रस्त्यावर उभे राहिले. जीपा आल्या, माणसं उतरली, निळ्या दाराशी रांगेनं पाणी प्यायली, आणि मग आमशाबाबांनी ढोल गळ्यात घेतला. सर पुढं, ढोल मागं, बासरीसारखी पावरी फुंकणारे, नाचणारे, नव्या साड्यांतल्या पोरी त्याच्याही मागं. सरांना आयुष्यात कोणी मिरवणुकीत पुढं घातलेलं नव्हतं. काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते शाळेच्या प्रभातफेरीत चालतात तसे हात हलवत चालले.

गल्ली उघडी होती. भांडीवाला दारात उभा होता. फळ्यासमोर आल्यावर सरांनी पाहिलं तर प्रेमचंद शेठचं शटर अर्धं खाली. मागचा ढोल थांबला. नाच थांबला. सरांचे हलते हात तसेच राहिले. शेठ शटरखालून वाकून बाहेर आले, गर्दीकडे बघितलं, सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काय झालंय ते त्यांना उमगलं. त्यांच्या दुकानावर नऊनंतर ऊन येतं, म्हणून तेव्हापासून अकरापर्यंत ते अर्धं शटर रोजच खाली ठेवत. तीस वर्षांची सवय. “धूप लागतो, बाबा, दुसरं काय नाही,” असं पुटपुटत शेठनी दोन्ही हातांनी शटर वर लोटलं. ते जुनं शटर पूर्ण वर कधी गेलेलंच नव्हतं. खडखडत, गंज पाडत शेवटपर्यंत गेलं. ऊन थेट साखरेच्या हारांवर पडलं. ढोल पुन्हा सुरू झाला आणि मग जो गलका झाला त्यात शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागत होतं.

अशा गलक्यात जमादार धर्मेंद्र कागद घेऊन आले. फळ्याला टेकून त्यांनी तो सरांपुढं धरला. ‘दंग्यात सामील इसमांची नावे’ ह्या रकान्यात त्यांनी सोयीसाठी ‘कोणीही नाही’ असं लिहून आणलं होतं. फक्त सही करा, विषय मिटला. सरांनी कागद वाचला. मग खिशातून पेन काढून ‘कोणीही नाही’वर एक रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं.

जमादार कानाशी येऊन ओरडले की सर, हे काय करताय. सरही त्यांच्या कानाशी ओरडले, “शब्दकोशात अर्थ अपुरा आहे. सोमवारी आवाज नव्हता, म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही. झालं होतं.” गल्ल्यावरून बघत असलेल्या प्रेमचंद शेठना ऐकू काही आलं नाही, पण रेघ दिसली. ते उतरून आले, कागद वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, पहिलं शटर माझं पडलं होतं. त्यांनी सही केली. जागृतीताईंनी सोमवारी पंचायतीला कुलूप लावलं होतं, त्यांनी केली. रेवजीनं काय पुसलं ह्याबद्दल त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी तो आला आणि सावकाश, अक्षर अक्षर लावून त्यानं आपलं नाव लिहिलं.

जमादारांनी बोटांनी मोजलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ते कागद घडी घालायला लागले. तेवढ्यात कोकिळाबाई रिकामी कळशी घेऊन माठ भरायला पाणी बघत तिथं आल्या. काय चाललंय हे त्यांनी सरांना विचारलं नाही, कागदच वाचला, आणि पेनासाठी हात पुढं केला. जमादार अजिजीनं म्हणाले, “वहिनी, चार आहेत तोवर ठीक आहे. पाचवं नाव पडलं तर कायद्यानं खरोखर दंगा होतो.”

“मंग व्हयनाच ना तो, भाऊ,” कोकिळाबाई म्हणाल्या. “माठ दोन हातवर उचलाय नही. दुसरा दोन हात मन्हा व्हतात.”

आणि त्यांनी सही केली. जमादारांनी त्या पाच नावांकडे बघितलं, मग बाजाराकडे बघितलं, जिथं आमशाबाबा शेठच्या दुकानासमोर ढोल वाजवत होते आणि भांडीवाला हातातला डबा घेऊनच नाचत होता. त्यांनी कागद घडी करून वरच्या खिशात घातला आणि बटण लावलं. रेवजी फडकं घेऊन पाण्याची सूचना लिहायला फळ्याशी गेला होता. सरांच्या कोपऱ्यापाशी तो थांबला आणि त्यानं सरांना खुणेनं विचारलं, हे पुसू का. सर जवळ गेले, त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि सोमवारचं वाक्य त्यांनी स्वतः पुसलं.